बारा जोड्या, बारा वाटा

मावशीने सकाळी चूळ भरली आणि पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळलं. झोप उतरली नसेल म्हणून तिने पुन्हा चूळ भरली, पुन्हा तेच झालं. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची डावी बाजू सपाट, नाकापासून ओठापर्यंतची रेघ पुसली गेलेली. हसून पाहायला गेली तर सगळं तोंड उजवीकडे ओढलं गेलं. घरात पहिला शब्द उमटला तो 'वारं गेलं' हाच. शेजारच्या काकूंनी तेल कोमट करून आणलं. रात्री खिडकी कुणी उघडी ठेवली यावर बोलणं झालं. मग आजोबांचा अर्धांगवायू आठवून सगळे गप्प झाले. पण मावशी चालत होती, बोलत होती, हातपाय धड होते, म्हणून 'दोन दिवस बघू' असं ठरलं आणि दोनाचे पाच झाले.

पाचव्या दिवशी मी तिला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "मावशी, कपाळाला आठ्या घाला बघू." उजव्या अर्ध्या कपाळावर आठ्या उमटल्या, डावं अर्धं कोरंच राहिलं. "आता डोळे गच्च मिटा." उजवा मिटला. डाव्या डोळ्याची पापणी अर्ध्यात अडली, तिच्याखाली बुबुळ वर सरकलं आणि पांढरी फट उघडी राहिली. डॉक्टरांनी हातापायांची ताकद पाहिली, कानात उजेड टाकून पुरळ वगैरे नाही ना ते पाहिलं आणि सांगितलं, "मेंदूला काही झालेलं नाही. सातवी नस सुजलीय. पण पहिल्याच दिवशी यायला हवं होतं."

कपाळाला आठ्या पडत नाहीत यावरून मेंदू सुखरूप आहे हे कसं कळलं? उत्तर ऐकलं तेव्हा मी थक्क झालो. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांकडून हुकूम येतात, ओठांच्या बाजूच्या स्नायूंना मुख्यतः एकाच, विरुद्ध बाजूच्या भागाकडून. मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा तुटला तर तोंड वाकडं होतं, पण कपाळाला दुसऱ्या बाजूचा आधार उरतो आणि आठ्या पडतात. मेंदूतून बाहेर पडल्यावर वाटेत नसच निकामी झाली, तर तिच्यावर अवलंबून असलेला सगळा अर्धा चेहरा जातो, कपाळासकट. म्हणजे जास्त जागा लुळी दिसते ते दुखणं कमी धोक्याचं आणि कमी दिसते ते जास्त धोक्याचं. हे पारखणं घरातल्यांचं काम मात्र नव्हे. अचानक तोंड वाकडं झालं की तडक रुग्णालय गाठायचं, कारण मेंदूच्या झटक्यात रक्ताची गाठ विरघळवणारं औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

त्या दिवसापासून मी मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे. शाळेच्या पुस्तकात त्यांना चेता म्हणतात, मराठी विश्वकोशात तंत्रिका आणि घरात नस. घरातल्या 'नस' या शब्दात रक्ताची शीर, स्नायूचा दोर आणि संदेश नेणारी ही तार, तिन्ही येतात. त्यामुळे 'नस दबली' म्हणणाऱ्याचं नेमकं काय दबलं ते डॉक्टरला शोधावं लागतं. तरी मी इथे नसच म्हणणार आहे, कारण ज्याचं दुखतं त्याच्या तोंडी तोच शब्द असतो.

या नसा पहिली ते बारावी अशा क्रमाने, नाव आणि काम लावून पाठ करायची रीत आहे. वैद्यकाचे विद्यार्थी त्यासाठी गाणी रचतात. माझं मत असं झालंय की त्या यादीने नसेचं काम कळतं, दुखणं कळत नाही. दुखणं कळतं ते तिची वाट पाहिल्यावर. कुठली नस चाळणीतून जाते, कुठली हाडाच्या बोगद्यातून, कुठली धमनीला खेटून आणि कुठली छातीपर्यंत उतरून परत वर येते, यावर ती कशाने आणि कधी मोडणार हे ठरतं.

बाराचा आकडाही सुरुवातीपासून ठरलेला नव्हता. दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गेलनने सात जोड्या मोजल्या आणि पुढे हजाराहून अधिक वर्षं सातच मानल्या गेल्या. इंग्लंडमध्ये थॉमस विलिसने १६६४ साली मेंदूवरच्या ग्रंथात मोजणी वाढवली. आज आपण वापरतो ती बाराची मांडणी जर्मनीच्या सॅम्युएल थॉमस झोमरिंगने १७७८ मध्ये डॉक्टरेटच्या प्रबंधात केली. तीही एक सोय आहे. अकरावीचा मोठा भाग मेंदूतून नव्हे तर मानेतल्या मज्जारज्जूतून येतो, आणि नाकाजवळ आणखी एक बारीकशी जोडी माणसात सापडते, जिला या यादीत आकडा मिळालेला नाही.

पहिली जोडी वासाची. नाकाच्या छताशी एक पातळ हाड आहे, पुरणाच्या चाळणीसारखं भोकाभोकांचं. वासाचे तलम तंतू त्या भोकांतून वर मेंदूत जातात. दुचाकीवरून पडून डोकं आपटलं की कवटी थांबते, आतला मेंदू मात्र हिंदकळतो आणि ते तंतू चाळणीच्या कडेशी तुटतात. माणूस शुद्धीवर येतो, टाके निघतात, घरी जातो आणि मग कधीतरी लक्षात येतं की फोडणीचा वास येत नाही, दूध नासलेलं कळत नाही, गॅस सुरू राहिला तरी समजत नाही. हेल्मेटबद्दल बोलताना आपण जिवाचं बोलतो, या वासाचं कुणी बोलत नाही. कोरोनात वास गेला तो वेगळ्या कारणाने. तिथे विषाणूने मुख्यतः वासाच्या पेशींना सांभाळणाऱ्या आधारपेशी गाठल्या, तंतू तुटले नव्हते. म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला. अपघातात गेलेला वास परतण्याची आशा त्या मानाने बरीच कमी असते.

दुसरी, दृष्टीची, खरं तर नस नव्हेच. गर्भात मेंदूचाच एक कोंब बाहेर येतो आणि त्याचा डोळ्याचा पडदा होतो. त्याला मेंदूशी जोडणारा दहा-बारा लाख तंतूंचा हा जुडगा मेंदूचाच भाग आहे, म्हणून तो एकदा मेला की पुन्हा वाढत नाही. सातव्या नसेला जी दुसरी संधी मिळते ती हिला नाही. काचबिंदू हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण तो या दुसऱ्या नसेचा आजार आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बहुतेकांमध्ये तो दुखत नाही, कडेकडेने नजर कुरतडत येतो आणि समोरचं स्वच्छ दिसत असल्यामुळे माणूस निर्धास्त राहतो. चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर काढायला गेल्यावर डोळ्याचा दाब आणि नसेचं टोकही तपासून घ्यावं, ते एवढ्यासाठी.

याच नसेवर विषारी दारूचा घाव बसतो. मिथेनॉल पोटात गेलं की शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते दृष्टीच्या नसेतल्या पेशींची ऊर्जाच बंद पाडतं. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये अशा दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. अशा प्रसंगातून जे वाचतात त्यांतल्या काहींना नजर गमावून जगावं लागतं. आकडा छापून येतो तो मेलेल्यांचा. क्षयरोगावरच्या एथॅम्ब्युटॉल या गोळीनेही क्वचित ही नस दुखावते. आधी लाल-हिरवा रंग फिका दिसू लागतो. रंग बदललेले वाटले तर त्याच दिवशी सांगायचं, हे गोळ्या देतानाच रुग्णाला समजावलेलं असलं पाहिजे. वेळेत गोळी थांबवली तर नजर बरेचदा सुधारते.

डोळा हलवायला निसर्गाने तीन नसा खर्च केल्या आहेत आणि तिघींचे स्वभाव त्यांच्या वाटेने घडले आहेत. तिसरी मेंदूच्या तळाशी धमन्यांना खेटून जाते. बाहुली लहान करणारे तंतू तिच्या बाहेरच्या थरात असतात. शेजारच्या धमनीला फुगा आला की तो आधी या बाहेरच्या थरावर दाबतो. मग पापणी पडते, डोळा खाली आणि बाहेर वळतो आणि बाहुली मोठी होऊन प्रकाशाला दाद देत नाही. तो फुगा केव्हाही फुटू शकतो, म्हणून अशा रुग्णाचे तास मोजायचे असतात. मधुमेहात नेमकं उलट होतं. नसेच्या गाभ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडतात, गाभा उपाशी पडतो आणि बाहेरचा थर तगतो. पापणी पडलेली, डोळा वळलेला, पण बाहुली टॉर्चसमोर झटकन लहान होते. असा रुग्ण बहुधा काही महिन्यांत बरा होतो. स्कॅन दोघांचाही होतो. पण आज रात्रीच पळापळ करायची की नाही, याचा पहिला इशारा हा टॉर्च देतो.

चौथी सगळ्यांत बारीक, आणि बारांमध्ये एकटीच मेंदूच्या खोडाच्या मागच्या बाजूने निघून पुढे येते. ती ज्या स्नायूला हलवते त्याचा दोर डोळ्याच्या खोबणीत एका कूर्चेच्या कप्पीवरून वळतो, विहिरीवरच्या पोहऱ्याच्या दोरासारखा. ही गेली की जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसतात आणि त्या एक करण्यासाठी माणूस नकळत मान एका खांद्याकडे कलती ठेवतो. सहावी खोडाच्या खालच्या भागातून निघून कवटीच्या तळाला चिकटत वर चढते आणि हाडाच्या कडेवरून वळते. डोक्यातला दाब कुठल्याही कारणाने वाढला की ती ताणली जाते आणि डोळा नाकाकडे वळतो. गाठ असते एकीकडे आणि नस बोलते दुसरीकडे. लंडनच्या जेम्स कॉलियरने १९०४ मध्येच सावध केलं होतं की अशी लक्षणं दुखण्याची जागा चुकीची दाखवतात. आपल्याकडे क्षयाच्या मेंदूज्वरात ही नस वारंवार सापडते. ताप, उलट्या, डोकेदुखी असलेल्या मुलाचा डोळा अचानक तिरळा झाला, तर ते चष्म्याच्या दुकानाचं काम नसतं.

या तिघी आणि पाचवीचा वरचा फाटा डोळ्यामागे अंगठ्याएवढ्या जागेत एकत्र येतात. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्राने त्या जागेची भयंकर ओळख करून घेतली. म्युकरमायकोसिसची बुरशी नाकाच्या पोकळीतून तिथे शिरायची. साखर वाढलेली, अंगात स्टेरॉइड, आणि बघता बघता पापणी पडलेली, डोळा गोठलेला, गाल बधिर. एका रांगेत उभ्या असलेल्या नसा बुरशीने एकापाठोपाठ एक गाठल्या. जीव वाचवायला कितीतरी जणांचा डोळा काढावा लागला.

पापण्या पडतात आणि नस मात्र शाबूत असते, असंही घडतं. ते खेड्यात राहणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. बरेचदा दुखतही नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, आवाज नाकात येतो, थुंकी गिळवत नाही. विष नसेच्या टोकाशी, जिथून ती स्नायूला निरोप देते, ते दारच बंद करतं. डोळ्यांचे आणि घशाचे स्नायू आधी पडतात आणि श्वासाचे शेवटी. म्हणून पापणी हा त्या साखळीचा पहिला दुवा आहे. कोकणातल्या विंचूदंश आणि सर्पदंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आयुष्यभर केलेलं काम ज्यांनी वाचलं असेल, त्यांना ठाऊक आहे की गावात किती थोड्या गोष्टी नीट कळल्या तर माणूस वाचतो. सकाळी उठलेल्या माणसाच्या दोन्ही पापण्या पडत असतील तर देवऋषी नको, कृत्रिम श्वास देता येईल असं रुग्णालय हवं.

पाचवी चेहऱ्याची संवेदना नेते आणि चावण्याचे स्नायू हलवते. तिचे तीन फाटे कपाळ, गाल आणि जबडा वाटून घेतात. दाताच्या डॉक्टरांचं इंजेक्शन याच नसेच्या खालच्या फाट्याला बसतं, म्हणून दात काढल्यावर ओठ काही तास परक्याचा वाटतो. तिचं सर्वांत क्रूर दुखणं म्हणजे चेहऱ्यावर विजेसारखी येणारी कळ. वाऱ्याची झुळूक लागली, दात घासले, घास चावला की काही सेकंदांचा झटका, आणि दिवसात असे कितीतरी. कित्येक जण आधी दाताच्या खुर्चीत बसतात, चांगले दात काढून घेतात आणि कळ तशीच राहते. कारण पुष्कळदा नसेच्या मुळाशी असतं. एखादी धमनी तिला घासत राहते आणि तिथलं आवरण झिजतं. वॉल्टर डँडीने हे १९३० च्या दशकात पाहिलं होतं आणि पीटर जॅनेटाने १९६० च्या दशकात धमनी आणि नस वेगळ्या करण्याची शस्त्रक्रिया रुजवली. दोघींमध्ये टेफ्लॉनचा लहानसा तुकडा ठेवतात. फिटसाठीही दिली जाणारी कार्बामेझेपिन ही गोळी अजूनही पहिलं औषध आहे आणि बहुतेकांची कळ तिने आटोक्यात येते.

नागीण उठते तीही नसेच्याच वाटेने. कांजिण्यांचा विषाणू लहानपणापासून नसेच्या गाठीत दडून बसलेला असतो. वय झालं, प्रतिकारशक्ती घटली की तो त्या एकाच नसेच्या पट्ट्यात उतरतो. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो ही आपल्याकडची भीती, पण ती बहुधा शरीराच्या मधल्या रेषेपाशीच थांबते, कारण नस तिथेच संपते. भीती बाळगायचीच तर दोन जागांची बाळगावी. नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर तोच फाटा डोळ्यातही जातो, म्हणून डोळा त्याच दिवशी दाखवायचा. आणि कानात फोड येऊन तोंड वाकडं झालं तर सातवी सापडली आहे, आणि ती साध्या सुजेपेक्षा वाईट सापडते. मावशीच्या कानात डॉक्टरांनी उजेड टाकला तो हेच पाहायला.

आता सातवी. ती कानामागच्या हाडातून जेमतेम तीन सेंटिमीटरच्या बोगद्यातून जाते. त्याची सर्वांत अरुंद जागा एक मिलिमीटरहूनही कमी. नस सुजली की तिला पसरायला जागा नाही, ती स्वतःच्याच सुजेने चेपली जाते. याच वाटेवरून ती चेहऱ्याच्या हावभावांसोबत जिभेच्या पुढच्या भागाची चव, डोळ्यातलं पाणी आणि लाळ यांचे तंतूही नेते, शिवाय कानातला मोठा आवाज आवरून धरणाऱ्या इवल्याशा स्नायूचा तंतू. मावशीला कुकरची शिट्टी डाव्या कानात टोचायची आणि भाजी अळणी लागायची. आम्हाला वाटलं होतं ती चिडचिडी झालीय. तिच्या वाटेवर नेमकी कुठे सूज आहे ते ती तेव्हाच सांगत होती.

ज्याच्या नावाने हा आजार जगभर ओळखला जातो त्या स्कॉटिश सर्जन चार्ल्स बेलने १८२१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चेहऱ्याच्या नसांवरचा निबंध ठेवला. त्याआधी चेहऱ्याच्या कळा थांबवायला काही सर्जन सातवीच कापत. कळ राहायची आणि चेहरा कायमचा लुळा व्हायचा. चेहऱ्याची संवेदना पाचवीकडे आणि हालचाल सातवीकडे, हे वेगळं केल्याने किती चेहरे वाचले असतील! आपल्याकडच्या आयुर्वेदात 'अर्दित' म्हणून याच तोंडाचं वर्णन त्याच्या कितीतरी आधी आलेलं आहे. उपचाराचा प्रश्न मात्र फार उशिरा सुटला. स्कॉटलंडमध्ये पाचशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन दिलेल्यांपैकी तीन महिन्यांत ८३ टक्के पूर्ण बरे झाले. ज्यांना ते दिलं नाही त्यांच्यापैकी ६३.६ टक्के. म्हणजे औषधाशिवायही अर्ध्याहून जास्त माणसं बरी होतात. तेल लावून बरं झालं, मंत्राने बरं झालं या गोष्टी तिथूनच येतात. आणि तेलाच्या भरवशावर ७२ तास गेले की उरलेल्यांची संधी जाते.

सातवीच्या दुखण्यात खरी काळजी चेहऱ्याची नसते, डोळ्याची असते. हे मला सर्वांत स्पष्ट समजलं ते कुष्ठरोगाबद्दल वाचताना. या रोगाच्या जंतूंना शरीराच्या थंड जागा मानवतात आणि गालाच्या हाडावरून त्वचेखालून जाणारे सातवीचे फाटे त्यांच्या हाती लागतात. पापणी मिटेनाशी होते. त्याच वेळी पाचवीचा फाटा गेला तर बुबुळ बधिर होतं. डोळ्यात कुसळ गेलं तर पाचवी खबर देते आणि सातवी पापणी मिटते, अशी या दोघींची जन्माची जोडी आहे. दोन्ही गेल्या की कुसळ रुततं आणि कळत नाही, जखम होते आणि दुखत नाही, एक दिवस डोळा जातो. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमट्यांकडे आलेल्या माणसांची झडलेली बोटं जगाने पाहिली, हे न मिटणारे डोळे त्या मानाने कमी पाहिले गेले. यावर शस्त्रक्रिया आहे आणि ती मला शरीरशास्त्रातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. चावण्याच्या स्नायूचा एक पट्टा पापणीपर्यंत आणून बसवतात. तो स्नायू पाचवीच्या हालचालीच्या तंतूंवर चालतो आणि ते बहुधा शाबूत असतात. मग माणूस दात आवळून डोळा मिटायला शिकतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर अंतिया यांच्यासारख्या सर्जनांनी कुष्ठरुग्णांच्या अशा पुनर्रचनेला प्रतिष्ठा मिळवून दिली. देशपातळीवर २००५ च्या अखेरीस कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नाही असं जाहीर झालं, तरी नवे रुग्ण त्यानंतरही वर्षाला लाखाच्या आसपास सापडत आले. प्रत्येकाची पापणी तपासायला अर्धं मिनिट लागतं.

आठवी ऐकण्याची आणि तोलाची. चक्कर, कानातला आवाज, बहिरेपण यांचा पसारा स्वतंत्र लेखाचा आहे. इथे एवढंच, की क्षयावरची स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातली इंजेक्शनं आतल्या कानाला इजा करत आली आणि त्या काळात रोगातून उठलेल्या कित्येकांनी बरं होण्याची किंमत कानांनी चुकवली. आता औषधाला न जुमानणाऱ्या क्षयासाठीही तोंडाने घ्यायचे उपचार आले आहेत.

नववी आणि दहावी घशात एकत्र काम करतात आणि गिळणं सुखरूप ठेवतात. त्यातली दहावी, व्हेगस, सर्वांत लांब भटकणारी. घसा, हृदय, फुप्फुसं, जठर करत आतड्यांपर्यंत जाते. आवाजाच्या पेटीला जाणारा तिचा फाटा मानेत सरळ न जाता आधी छातीत उतरतो, डावीकडे महाधमनीच्या कमानीला वळसा घालून पुन्हा वर चढतो. गेलनने किंचाळणाऱ्या डुकराचा हा फाटा कापून लोकांसमोर त्याचा आवाज बंद पाडला होता. या वळशामुळे छातीतलं दुखणं गळ्यात बोलतं. लहानपणी सांधेतापाने हृदयाची झडप आकसलेल्या बाईच्या हृदयाचा डावा वरचा कप्पा फुगतो, नस चेपली जाते आणि ती तक्रार घेऊन येते ती बसलेल्या आवाजाची. ऑर्टनरने १८९७ मध्ये हे नोंदवलं. तंबाखू ओढणाऱ्याच्या फुप्फुसातली गाठही पहिल्यांदा अशीच बोलते. तीन आठवड्यांहून जास्त बसलेला घसा आल्याच्या काढ्यावर सोडू नये.

नस निरोप देते तो रसायनाने, हे जगाला पटलं तेही व्हेगसमुळे. ग्राझमध्ये ऑटो लोवीला स्वप्नात प्रयोग सुचला. त्याने अर्धवट झोपेत टिपण केलं आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पडलं तेव्हा तो उठून थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेतवली, हृदय मंदावलं. त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला तर तेही मंदावलं. १९२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं, १९३६ मध्ये नोबेल मिळालं.

अकरावी मानेच्या बाजूला कातडीच्या अगदी जवळून जाते आणि खांदा उचलते. गंडमाळेची गाठ तपासणीसाठी काढताना चाकू जरा खोल गेला तर ती कापली जाते. गाठीची जखम भरते आणि मग हात वर जाईना, केस विंचरता येईना. बारावी जीभ हलवते. ती गेली की बाहेर काढलेली जीभ अधू बाजूकडेच वळते, कारण धड बाजू तिला ढकलते.

यांतल्या बहुतेक नसांच्या जोड्या जिथे भेटतात ते मेंदूचं खोड. तिथला एक लहानसा झटका एका बाजूचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूचं अंग बधिर करू शकतो. माणूस आहे की गेला, हा शेवटचा प्रश्नही तिथेच विचारतात. डोळ्यांवर उजेड टाकतात, आत दुसरी आणि बाहेर तिसरी. बुबुळाला कापसाचा स्पर्श, पाचवी आणि सातवी. कानात बर्फाचं पाणी, आठवी, आणि डोळे वळवणाऱ्या तिसरी-सहावी. घशात नळी हलवतात, नववी आणि दहावी. शेवटी श्वासाची परीक्षा. चार डॉक्टर, सहा तासांच्या अंतराने, दोनदा. १९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा सुरुवातीला ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. मण्यार चावलेल्या माणसाच्या याच सगळ्या नसा गप्प दिसू शकतात आणि तो आत पूर्ण शुद्धीत असू शकतो, म्हणून विष नाही ना हे आधी पाहिल्याशिवाय ती परीक्षा सुरूच करायची नसते.

मावशीचे ७२ तास निघून गेले होते. डोळ्यात दिवसा थेंब, रात्री मलम, पापणीवर चिकटपट्टी, एवढं महिनोन्‌महिने चाललं आणि डोळा वाचला. तुटलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. चौथ्या महिन्यात ओठाचा कोपरा हलला तेव्हा तिने आरसा खाली ठेवला नाही. पण सगळे तंतू आपापल्या जुन्या जागी पोचले नाहीत. ओठांकडे जायचे होते त्यातले काही पापणीला गेले, म्हणून ती हसली की डावा डोळा आपोआप बारीक होतो. लाळेचे काही तंतू वाट चुकून अश्रूंच्या ग्रंथीला जाऊन मिळाले. वैद्यकाच्या पुस्तकात याला मगरीचे अश्रू असं नाव आहे, आणि मावशीसाठी मला ते मुळीच आवडत नाही.

संक्रांतीला गुळाची पोळी ताटात पडते. पहिल्या घासाला तिच्या तोंडाला पाणी सुटतं तसं डाव्या डोळ्यालाही सुटतं. नवीन सून घाबरून विचारते, "काय झालं मावशी?" मावशी पदराने डोळा टिपते, सांगते, "काही नाही गं, तूप वाढ," आणि दुसरा घास घेते.